सावकाशमामांची पांढरी रेघ

त्यांचं खरं नाव त्यांच्या लेकीलासुद्धा एखादा अर्ज भरायची वेळ आली तरच आठवायचं. बाकी सगळ्यांना ते सावकाशमामा. डोंगर चढायला आलेली शहरी पोरं गाडीतून उतरली की आधी फोटो काढायची आणि मग शर्यत लागल्यासारखी वर सुटायची. मागून एक बुटका, वाकड्या पायांचा माणूस खिशात हात घालून रमतगमत यायचा आणि म्हणायचा, "सावकाश. डोंगर कुठं पळून चाललाय?" पोरं हसायची. दुसऱ्या दिवशी त्यातलीच दोन-तीन डोकं धरून उकिडवी बसलेली असायची आणि मामा त्यांना कोमट पाणी पाजत असायचे.

मामांचे नियम काही गुपित नव्हते, पण ते पाळायला माणसाच्या अंगी धीर लागतो आणि तो बाजारात मिळत नाही. मधल्या मुक्कामाला थांबायचं म्हणजे थांबायचंच. दिवसा थोडं वर चढून यायचं, झोपायला मात्र खाली. तहान नसली तरी पाणी प्यायचं, दारूचं नाव काढायचं नाही. डोकं दुखलं तर सांगायचं, लपवून मर्दुमकी दाखवायची नाही. कुणी विचारायचं, "मामा, गोळी घेतली की थेट वर जाता येईल ना?" मामा म्हणायचे, "पी हळद आणि हो गोरी, असं अंगाचं नसतं बाबा. वरची हवा विरळ. अंगाला तिची ओळख व्हावी लागते. घरी आलेल्या माणसाला आपण आधी बसा म्हणतो, लगेच माळ्यावर चढवतो का?"

वरच्या गावात त्यांचं लॉज होतं. लॉज म्हणायचं आपलं, होत्या आठ खाटा, एक स्वयंपाकघर आणि फरशीचं अंगण. त्या अंगणात स्वयंपाकघराच्या दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत मामांनी पांढऱ्या ऑइलपेंटने एक रेघ मारली होती. पुढे निघण्याआधी प्रत्येकाने त्या रेघेवरून टाचेला अंगठा टेकवत चालून दाखवायचं. जो डळमळला तो खाली. एकदा एक धिप्पाड अधिकारी रेघेवरून असा हेलपाटला की टाकीला जाऊन आदळला, आणि वर मामांवरच ओरडला. मामा म्हणाले, "साहेब, रेघेला तुमचा हुद्दा दिसत नाही." आणि त्यांनी खुर्ची काढली.

ती खुर्ची त्यांनी स्वतः बनवली होती. पाय कापलेली लाकडी खुर्ची, तिला खांद्याचे रुंद पट्टे. वाहणाऱ्याने ती पाठीला लावायची आणि आजाऱ्याने त्याच्या पाठीला पाठ लावून बसायचं. त्यामुळे माणूस खाली जात असला तरी तोंड डोंगराकडे. एकदा कुणी खुर्चीत बसला की सावकाशमामा सावकाश राहायचे नाहीत. वाकड्या पायांनी ते उतारावरून असे धावायचे की मागच्यांची दमछाक व्हायची. "चढताना सावकाश, उतरताना धाव" असा त्यांचा पुरा नियम होता. लोकांनी अर्धाच उचलला आणि तोच त्यांना नाव म्हणून चिकटवला. लोकांचं असंच असतं.

कुणाला खाली न्यायचं हे मात्र पुष्कळदा मामांच्या आधी त्यांच्या बायकोला कळायचं. ती जेवण वाढता वाढता पाहुण्यांचे श्वास ऐकायची. किटलीतलं पाणी उकळायला लागण्याआधी जसा आवाज करतं, तसा आवाज कुणाच्या छातीतून आला की ती हातातला डाव खाली ठेवायची आणि नवऱ्याकडे बघून एक बोट जमिनीकडे करायची. खाली. पाहुणा घाबरू नये म्हणून तोंडाने काही बोलायची नाही. लेक लहानपणापासून हे बघत आली होती. आईचं बोट खाली गेलं की बाबा जेवणाच्या ताटावरून उठतात, एवढं तिला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं.

लेक लग्नानंतर खाली, पार समुद्राकाठच्या शहरात राहायला गेली. शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात ती काजं करायची. बोटं कायम सुईने टोचलेली. नवरा बोटीवर, वर्षातून एकदा उगवायचा. मामांच्या गुडघ्यांनी आणि डोळ्यांनी एकदमच संप पुकारला तेव्हा बायकोने त्यांना तिच्याकडे धाडलं. "तुम्ही दुरुस्त होऊन या. इथलं मी बघते," ती म्हणाली. मामा कुरकुरत गेले. आधी एक डोळा झाला, मग दुसरा, मग गुडघा. हिवाळा गेला, उन्हाळा आला. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या चालीवर शेरे मारायचे. अंगावर जरा मांस चढलं. "खालची हवा घट्ट आहे गं," ते म्हणायचे, "नुसत्या श्वासानेच पोट भरतं."

अशात एका दुपारी काकांचा फोन आला. काका म्हणजे मामांचे धाकटे भाऊ, तिथेच वर शेजारी राहणारे.

"दादा, वहिनी पडली. उजवं अंग गेलंय. वाचा गेली."

मामांनी फोन लेकीच्या हातात दिला आणि पिशवी शोधायला लागले. पिशवी त्यांच्या खांद्यावरच होती.

आता वरच्या गावापर्यंत गाडीरस्ता झाला होता. पूर्वी मधल्या मुक्कामाहून पुढे पायांशिवाय वाहन नव्हतं आणि पाय काही कुणाला घाई करू द्यायचे नाहीत. आता जीप सकाळी पायथा सोडते आणि संध्याकाळी वर टेकते. मधल्या मुक्कामाला ड्रायव्हर चहाला थांबला. समोर छोटं हॉस्पिटल, त्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, इथे थांबा, पुढे घाई करू नका. ते वाक्य मामांनीच सुचवलेलं होतं.

"बाबा, आज इथं राहायचं का?" लेकीने विचारलं.

"कशाला?"

"इतके महिने तुम्ही खाली होता म्हणून."

"ते पाहुण्यांसाठी असतं पोरी. माझा जन्म वरचा आहे. मी माझ्या घरी पाहुणा होय?"

लेक पुन्हा जीपमध्ये जाऊन बसली. तिलाही आईकडे पोचायचं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मामा दारू पिणाऱ्या डॉक्टरांना ऐकवायचे. त्या दिवशी ती त्यांना ऐकवायला कुणी नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यांना दोष तरी कसा द्यावा? जिच्याबरोबर जन्म काढला ती तिकडे मुकी होऊन पडलेली असताना माणूस चहाच्या टपरीवर हवेची ओळख करून घेत बसेल का?

ते पोचले तेव्हा काकू उशाशी बसली होती. आईचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, पण डोळे तेच होते. मामांना बघून त्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने डावा हात उचलला. मामांनी तो धरला आणि खाटेशेजारी बसले, ते बसलेच. जेवले नाहीत. भूक नाही म्हणाले. आडवे झाले की उठून बसायचे. लेकीला वाटलं, काळजी. काळजीनेही माणूस जेवत नाही, झोपत नाही. आजारही नेमका काळजीचेच कपडे घालून आला होता.

सकाळी तिने चहा आणला तेव्हा ते खोकत होते. कोरडा, हट्टी खोकला. कप धरताना हात चाचपडला. खिडकीतून ऊन त्यांच्या तोंडावर पडलं आणि लेकीने त्यांचे ओठ पाहिले. शाई प्यायल्यासारखे.

"काका, बाबांना डोंगर लागलाय."

काका हसलेच. "काहीतरीच काय! आपल्या माणसाला कधी डोंगर लागतो? प्रवासाचा शीण आहे. छातीत सर्दी झाली असेल."

"महिनोन् महिने खाली होते ते. अंग विसरतं."

"अंग विसरतं म्हणे! मी काय खाली गेलो नव्हतो?"

"तुम्ही आठवड्यात परत यायचा. आणि चालत यायचा."

काका काही ऐकायला तयार नव्हते. वाईट माणूस नव्हता तो. भावावर जीव टाकणारा होता. पण त्या गावात डोंगर लागणं ही फक्त परक्यांची गोष्ट होती. आपल्या माणसाबद्दल असं म्हणणं म्हणजे तो आपला राहिला नाही असं म्हणणं. काकूने तेल गरम केलं, मामांची छाती चोळली, खिडक्या लावून घेतल्या, अंगावर दोन घोंगड्या टाकल्या. सगळं मायेने, आणि सगळं निरुपयोगी.

लेकीने मधल्या मुक्कामाच्या हॉस्पिटलला फोन लावला. कालपर्यंत ती त्याच डॉक्टरशी आईबद्दल बोलत होती. आईला हलवू नका, रस्त्याने गाडी पाठवतो, असं ते म्हणाले होते. आज त्यांनी बाबांचं ऐकलं आणि त्यांचा आवाजच बदलला.

"गावच्या माणसालाही होतं हे. छातीत पाणी भरतंय. त्यांना आत्ता खाली आणा. गाडीची वाट बघू नका, रात्री दरड कोसळलीय, गाडी दरडीच्या आमच्या बाजूलाच अडकून उभी आहे."

"आणि आई?"

"त्यांना बसवता येणार नाही, आणि दरडीवरून आडवं नेता येणार नाही. रस्ता मोकळा झाला की लगेच. पण वडिलांना तेवढा वेळ नाही."

गावातल्या आरोग्य खोलीला कुलूप होतं. नर्स कुठल्याशा प्रशिक्षणाला गेली होती. काचेतून ऑक्सिजनचा सिलिंडर दिसत होता, हिरवा टोप घालून उभा. लेकीने दगडाने कुलूप फोडलं. काटा शून्यावर होता. मागच्या कुठल्या तरी पाहुण्याने तो पिऊन संपवला होता. ती त्या रिकाम्या सिलिंडरला एक लाथ मारून परत धावत आली, आणि तेवढ्या धावण्याने तिचं स्वतःचं डोकं फुटेल की काय असं ठणकायला लागलं.

"बाबा, चला. खाली जायचंय."

मामा मान हलवत राहिले. एका वाक्याला तीन श्वास लागत होते. "मला... हिच्याजवळून... उठवू नका."

"बाबा, तुम्हीच सांगायचात ना, बसल्या जागी धाप लागली की—"

"माहीत आहे मला!" ते ओरडले. लेकीच्या आठवणीत बाबा कधी ओरडले नव्हते. "सगळं माहीत आहे. मरायचं तर इथंच मरेन. हिला टाकून जाऊ? हिला वाटेल काय?"

म्हणजे त्यांना कळलं होतं. कदाचित रात्रीच कळलं होतं. अडाण्याला समजावता येतं, घाबरलेल्याला धीर देता येतो. जो जाणूनबुजून बसून राहिलाय त्याला काय सांगणार? तिने काकांकडे पाहिलं. काका पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर निघाले होते.

तेवढ्यात मामांना खोकल्याची मोठी उबळ आली. ते पुढे वाकले आणि डोकं बायकोच्या खांद्यापाशी टेकलं. उबळ ओसरली तरी ते तसेच राहिले. आणि त्या शांततेत सगळ्यांना ऐकू आला तो आवाज. उकळायच्या आधीच्या किटलीचा.

आईचे डोळे फिरले. तिने नवऱ्याच्या मुठीतून आपला डावा हात सोडवून घेतला. मामांनी तो परत धरायला बघितला तर तिने त्यांच्या छातीवर पालथा हात ठेवून त्यांना ढकललं. जोर तो केवढा असणार, पण मामा मागे सरकले. मग तिने तो हात खाटेच्या कडेवर आणला आणि एक बोट जमिनीकडे केलं.

"काय हवंय, वहिनी?" काका परत आले आणि वाकून खाटेखाली शोधायला लागले. "चप्पल? तांब्या?" त्यांनी खरोखरच खाटेखालून तिच्या चपला काढून समोर धरल्या.

आईने चपलांकडे बघितलंही नाही. ती नवऱ्याकडे बघत होती आणि बोट तसंच खाली.

"ती रागावलीय," मामा पुटपुटले. "इतके दिवस... आलो नाही म्हणून."

"रागावलेली नाही, बाबा. काय म्हणतेय ते तुम्हाला माहीत आहे. या घरात फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहे."

मामा उठले. खाली जायला नव्हे. ते बायकोलाच दाखवून देणार होते. भिंत धरत ते अंगणात आले आणि पांढऱ्या रेघेच्या टोकाशी उभे राहिले. "बघा," ते म्हणाले. "चालून दाखवतो." उघड्या दारातून खाटेवरून ती रेघ दिसत होती.

पहिलं पाऊल पडलं. दुसऱ्याला टाच सापडेना. त्यांनी खाली बघितलं, स्वतःच्या हाताने मारलेल्या रेघेकडे, जणू ती कुणी रात्रीतून सरकवली होती. तिसरं पाऊल रेघेच्या पार बाहेर पडलं आणि ते गुडघ्यावर आले. नव्या गुडघ्यावर.

काकांचं तोंड पांढरंफटक पडलं. त्या रेघेवरून पडलेल्या कितीतरी परक्यांना त्यांनी पाठीवरून खाली नेलं होतं. रेघेशी वाद घालायचा नसतो हे त्यांना दादानेच शिकवलं होतं. ते तडक कोठीत गेले, खुर्चीवर रचलेल्या रजया खाली ढकलल्या आणि खुर्ची बाहेर आणली.

आता लेकीचा प्रश्न उरला. बाबांना न्यायला काका आणि शेजारचे दोघे होते. आईजवळ काकू होती. तिने कुठे असावं? ती खाटेपाशी गेली. आईचं बोट अजून खालीच होतं.

"आई, त्यांना पोचवते आणि येते. लगेच येते."

आईने डोळे मिटले. हो म्हणाली की दमली, ते लेकीला आजवर ठरवता आलेलं नाही.

पट्टे आवळले. मामांना पाठमोरं बसवलं. काका उठले आणि वाटेला लागले. मामांचं तोंड घराकडे होतं. वाट उतरत होती आणि ते घर बघत होते: आधी अंगण, मग नुसतं दार, मग पत्रा, मग नुसतं धुराडं. खुर्ची अशी का बनवली, असं कुणी विचारलं की मामा पूर्वी म्हणायचे, आजाऱ्याला खालची दरी दिसू नये म्हणून. मागे काय दिसतं याचा विचार करायची त्यांच्यावर वेळच आली नव्हती.

दरडीपाशी खडी सुटी होती. मामांच्या तोंडून सवयीने शब्द निघाला, "सावकाश... रे."

आणि काका थांबले. जन्मभर त्या एका शब्दावर थांबलेला माणूस तो. शेजारीही थांबले, पाय चाचपून टाकायला लागले. लेकीने मागून बघितलं, बाबांच्या ओठांच्या कोपऱ्यात गुलाबी फेस आला होता.

"थांबू नका!" ती किंचाळली. "काका, धावा! उतरताना धावायचं असतं! त्यांचाच नियम आहे, धावा!"

तिने काकांच्या पाठीमागून, म्हणजे बाबांच्या समोरून, खुर्चीची चौकट धरली आणि रेटा दिला. मग ते धावले. दरडीवरून घसरत, पडत, एकमेकांना शिव्या घालत, पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत धावले. तिच्या सगळ्या वाटेवर समोर बाबांचं तोंड होतं. ते तिच्या डोक्यावरून पलीकडे, जे घर आता दिसत नव्हतं तिकडे बघत होते. ती रडत होती आणि पळत होती आणि मनात एकच म्हणत होती, श्वास घ्या, बाबा, श्वास घ्या.

खाली गाडी होती. गाडीत सिलिंडर होता, भरलेला. मधल्या मुक्कामाला पोचेपर्यंत ओठांची शाई उतरायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. त्यांनी लेकीला तपासलं आणि तिलाही बजावलं, डोकं दुखायचं थांबेपर्यंत वर जायचं नाही. तिने ऐकलं नाही. रात्र सरताच ती पिशवी घेऊन दारात आली, तर दरडीपासूनच वर परतलेल्या काकांचा फोन आला.

आई पहाटे गेली. शेवटी काकू जवळ होती. हात शेवटपर्यंत खाटेच्या कडेवरून खाली लोंबत होता, तो उचलून छातीवर ठेवावा लागला, असं काकू म्हणाली.

लेक हॉस्पिटलच्या भिंतीला टेकून खाली बसली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, इथे थांबा, पुढे घाई करू नका.

मामांना वर नेता आलं नाही. डॉक्टरांनी सोडलं नाही आणि सोडलं असतं तरी रस्त्याने सोडलं नसतं. जे करायचं ते वर काकांनी केलं. मामांना सांगितलं तेव्हा त्यांच्या नाकात नळी होती. त्यांनी एवढंच विचारलं, "तिने हात का सोडवला?"

"बाबा, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. पण तू सांग."

"तुमचा श्वास ऐकला तिने."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

आता ते पुन्हा लेकीकडे असतात. लॉज काका बघतात. म्हणे हल्ली गावचा माणूस खालून परत आला तरी काका आधी त्याला रेघेवर चालवतात. मामांना हे सांगितलं तर ते नुसती मान हलवतात. गॅलरीत बसतात, पण कुणाच्या चालीवर शेरा मारत नाहीत.

संध्याकाळी लेक कारखान्यातून आली की दोघं खाली एक फेरी मारून येतात. परत येताना जिना चढायचा असतो. आणि हल्ली मामा जिना भरभर चढतात, कठडा न धरता, मध्ये न थांबता, नव्या गुडघ्याची पर्वा न करता. वरच्या पायरीवर छातीला हात लावून उभे राहतात आणि आपलाच श्वास ऐकत असल्यासारखी मान कलती करतात.

"बाबा, सावकाश," लेक खालून म्हणते.

"का?" ते विचारतात. "आता कोण आहे बोट दाखवायला?"